सीओटू वाढला तर जंगलं तो आपोआप शोषून घेतील का? उत्तर बरंचसं जमिनीखाली आहे

तुमचा प्रश्न असा, की सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, हे झाडांचं अन्नच आहे, तो हवेत वाढला तर झाडं जोमाने वाढतील, जास्त शोषून घेतील, मग निसर्गच हे सगळं जागेवर आणणार नाही का, आणि तसं असेल तर इकॉलॉजिस्ट वर्षानुवर्षं जंगलात जाऊन नेमकं मोजतात काय. शेवटी विचारलंय की आंबोलीजवळ घरची थोडी जमीन आहे, तिथे स्वतः काही बघता येईल का. मी सह्याद्रीच्या जंगलात पाचोळा कसा कुजतो आणि मातीतून किती कार्बन बाहेर पडतो यावर बरीच वर्षं काम करतेय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, सवडीने वाचा.

पहिला अर्धा भाग तुमचा बरोबर आहे. सीओटू वाढला की पानं जास्त साखर बनवतात, त्यात वाद नाही. १९५८ मध्ये हवाईच्या मौना लोआवर मोजणी सुरू झाली तेव्हा हवेत सीओटूचं प्रमाण दहा लाखात साधारण ३१५ भाग होतं, आता ते ४२० च्या पुढे गेलंय, आणि आपण सोडतो त्यातला पाव हिश्श्याहून थोडा जास्त सीओटू जमिनीवरची झाडंझुडपं आणि माती मिळून दरवर्षी उचलतात. हे झालं नसतं तर आज परिस्थिती बरीच वाईट असती. प्रश्न हा आहे की ही मदत किती दिवस पुरणार, आणि ते फक्त पानाकडे बघून कळत नाही.

हे तपासायला लोकांनी खऱ्या जंगलात प्रयोग केलेत. झाडांभोवती पाइपांचं कडं उभारायचं, त्यातून वर्षानुवर्षं सीओटू सोडायचा आणि काय होतंय ते बघायचं. अमेरिकेत टेनेसीतल्या ओक रिजला स्वीटगमच्या झाडांवर हे केलं, तिथे २००१ ते २००३ च्या सुमाराला झाडांची वाढ २४ टक्क्यांनी जास्त होती आणि २००८ पर्यंत तो फायदा ९ टक्क्यांवर आला, कारण मातीतला नायट्रोजन कमी पडायला लागला. नॉर्थ कॅरोलायनात ड्यूक विद्यापीठाच्या पाइनच्या जंगलात मात्र वाढ टिकून राहिली, कारण तिथल्या झाडांनी जास्तीची साखर मुळांवाटे जमिनीत सोडली, तिच्यावर बुरशी आणि जिवाणू पोसले गेले आणि त्यांनी जुना कुजका माल फोडून झाडांना नायट्रोजन काढून दिला. म्हणजे झाडं वाढली खरी, पण मातीतला जुना साठा खर्च करून. आणि सिडनीजवळच्या जुन्या निलगिरीच्या जंगलात, जिथे मातीत फॉस्फरस फार कमी आहे, तिथे झाडांनी साधारण १२ टक्के जास्त कार्बन आत घेतला पण खोडं काही जाड झाली नाहीत, घेतलेला कार्बन बराचसा मातीतून परत हवेत गेला. हा निकाल २०२० मध्ये आला आणि मला तो आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण आपला कोकणातला जांभाही तसाच जुना, धुऊन निघालेला आहे, त्यातला फॉस्फरस लोह आणि ॲल्युमिनियमला चिकटून बसतो आणि मुळांना सहजी मिळत नाही. सीओटू कितीही द्या, फॉस्फरस नसेल तर लाकूड बनणार कशातून?

आता मातीकडे येऊ. जगातल्या वरच्या एक मीटर मातीत साधारण १,५०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन आहे, हवेत साधारण ९०० अब्ज टन, आणि सगळ्या जिवंत झाडोऱ्यात साधारण ४५० अब्ज टन. म्हणजे आपण ज्या झाडांबद्दल बोलतो त्यांच्या तिपटीहून जास्त कार्बन त्यांच्या पायाखाली आहे. आणि तो नुसता पडून नसतो. जिवाणू, बुरशी, किडे, मुळं सगळे श्वास घेतात, त्यातून दरवर्षी जो सीओटू बाहेर येतो तो आपण कोळसा-पेट्रोल जाळून सोडतो त्याच्या कित्येक पट असतो. एरवी झाडं तेवढाच परत आत घेतात म्हणून हिशोब जुळतो. पण झाडांनी किती घेतलं एवढंच बघणं म्हणजे घरात पगार किती येतो ते बघायचं आणि खर्च बघायचाच नाही तसं आहे. एवढ्या मोठ्या खर्चात एक-दोन टक्क्यांचा फरक पडला तरी तो वरच्या सगळ्या वृक्षारोपणापेक्षा मोठा ठरू शकतो. इकोसिस्टीम प्रोसेस म्हणतात ते हेच, वाढणं, गळणं, कुजणं, अन्नद्रव्यं सुटणं, ती परत मुळांनी उचलणं, पाणी मुरणं आणि उडून जाणं. कोणती प्रजाती आहे आणि कोणती नाही ही मोजणी वेगळी आणि हा कारभार चाललाय कसा ही मोजणी वेगळी. मी दुसरी करते.

तापमान वाढलं की कुजणं वाढतं, दर १० अंशाला साधारण दुप्पट असा ढोबळ नियम आहे. पण प्रयोगशाळेतली बाटली वेगळी आणि जंगल वेगळं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या हार्वर्ड फॉरेस्टमध्ये १९९१ पासून जमिनीत १० सेंटीमीटर खोल विजेच्या केबल पुरून मातीचे चौकोन आजूबाजूपेक्षा ५ अंशांनी गरम ठेवलेत. पहिली दहाएक वर्षं त्या मातीतून भरपूर कार्बन गेला, मग काही वर्षं काहीच फरक दिसेना, लोकांना वाटलं की झालं, माती रुळली, आणि मग परत जायला लागला. सोपं अन्न संपल्यावर जिवाणू-बुरशीची सगळी वस्तीच बदलली आणि त्यांनी आधी ज्याला हात लावत नव्हते तो चिवट माल खायला घेतला, असं त्याचं स्पष्टीकरण. २६ वर्षांत वरच्या ६० सेंटीमीटरमधला १७ टक्के कार्बन गेला. प्रयोग पंधरा वर्षांनी बंद केला असता तर निष्कर्ष बरोबर उलटा निघाला असता, म्हणून आम्ही लोक दीर्घकालीन प्लॉटसाठी एवढे हट्टी असतो. आपल्याकडे तमिळनाडूत मुदुमलाईला बंगळुरूच्या आयआयएससीने, म्हणजे भारतीय विज्ञान संस्थेने, १९८८ पासून ५० हेक्टरचा प्लॉट चालवलाय, त्यात एक सेंटीमीटरहून जाड खोडाचं प्रत्येक झाड-झुडूप नोंदवलेलं आहे, अशी कामं फार कमी आहेत आणि ती टिकवायला पाहिजेत.

उष्ण प्रदेशातली माती आधीच तापलेली असते, तिच्यावर आणखी तीन-चार अंशांनी फारसा फरक पडणार नाही असं बऱ्याच जणांना वाटायचं. मग पनामातल्या बारो कोलोरॅडो बेटावर एक मीटरहून खोलपर्यंत माती ४ अंशांनी गरम करून बघितली, दोन वर्षांत सीओटू ५५ टक्क्यांनी जास्त बाहेर पडला. पुढे तो वेग कमी होईलही, हार्वर्डसारखे चढउतार होतील, पण उष्ण प्रदेश सुरक्षित आहे हे म्हणणं आता धरून ठेवता येत नाही.

आता आपल्या सह्याद्रीबद्दल. इथे माझं मत असं आहे की सरासरी तापमानापेक्षा पाणी कधी येतं, किती दिवस टिकतं आणि मधे किती खंड पडतो हे जास्त महत्त्वाचं आहे. आपली माती वर्षातले सहा-सात महिने सुकत जाते आणि चार महिने भिजलेली असते, सगळा कारभार या दोन टोकांमध्ये चालतो. मे महिन्यात आमची मोजणी कशी असते ते सांगते. पीव्हीसी पाइपचे वीतभर रुंदीचे कॉलर आम्ही आदल्या दिवशीच मातीत काही सेंटीमीटर ठोकून ठेवतो, कारण ठोकताना माती हलते आणि लगेच मोजलं तर आकडा खोटा वाढलेला येतो. दुसऱ्या दिवशी त्यावर झाकण बसवायचं, आत कोंडलेल्या हवेतला सीओटू इन्फ्रारेड ॲनालायझर दर सेकंदाला मोजतो, दोन-तीन मिनिटांत रेघ किती चढते त्यावरून मातीचा श्वास कळतो. मे अखेरीला कोरड्या पाचोळ्याखाली ती रेघ जवळजवळ आडवी असते. मग दुपारी ढग भरून येतात, वळीव अर्धा तास झोडपतो, माती बोटभर ओली होते, आणि तेच झाकण तासाभराने परत लावलं तर रेघ सरळ वर निघते, कित्येक पटींनी, आणि एक-दोन दिवसांत परत खाली येते. पाचोळ्याच्या खालच्या थरात पांढरी बुरशीची जाळी तेवढ्यात दिसायला लागलेली असते.

याला बर्च इफेक्ट म्हणतात, केनियात काम करणाऱ्या एच. एफ. बर्च यांनी १९५८ मध्ये तो नीट मांडला. होतं असं की सुकलेल्या मातीत जिवाणू तग धरायला पेशीत साखरेसारखी द्रव्यं साठवून बसतात, एकदम पाणी आलं की बाहेरचा दाब बदलतो, काही फुटतात, काही साठवलेलं बाहेर टाकतात, आणि जे वाचतात त्यांना ती मेजवानी होते. मातीची ढेपळंही पाणी लागल्यावर फुटतात आणि आत कोंडलेला सेंद्रिय माल उघडा पडतो. त्या एका झटक्यात फक्त सीओटू सुटत नाही, नायट्रोजनही सुटतो. जुने शेतकरी पहिल्या पावसाच्या पाण्याला एवढं मानतात त्यात या सुटलेल्या नायट्रोजनचा मोठा वाटा आहे, धूळपेरणीचा फायदाही तोच, बी आधीच जमिनीत असतं आणि मुळं निघतात तेव्हा नायट्रोजन तयार असतो.

आता मुद्दा असा की हा नायट्रोजन सुटणं आणि मुळांनी तो उचलणं यांची वेळ जुळायला पाहिजे. वळीव झाला, पाठोपाठ मृगाचा पाऊस लागला तर जुळते. पण एप्रिलमध्येच दोन जोरदार सरी, मग दीड महिना कोरडं, मग जूनमध्ये चार दिवस पाऊस आणि पुढे वीस दिवस ओढ, असं झालं तर माती परत परत सुकते आणि परत परत भिजते, प्रत्येक वेळी झटका बसतो, कार्बन जातो, नायट्रोजन मोकळा होतो आणि घ्यायला मुळं पुरेशी जागी नसतात. मग पुढचा मोठा पाऊस तो नायट्रोजन नायट्रेटच्या रूपात धुऊन ओढ्यात नेतो, आणि माती पाण्याने गच्च भरून आतली हवा संपली की काही जिवाणू त्याच नायट्रेटपासून नायट्रस ऑक्साइड बनवतात, जो शंभर वर्षांच्या हिशोबाने सीओटूच्या २७३ पट ताकदीचा हरितगृह वायू आहे. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, म्हणजे माती ओली पण हवाही खेळती, तीच स्थिती कुजण्यालाही सगळ्यात सोयीची असते आणि मुळांनाही. पावसाचं वाटप बिघडलं की वाफशाचे दिवस कमी होतात, एकतर भट्टी नाहीतर चिखल. जंगलाचंही तेच होतं, फक्त तिथे पीक गेलं म्हणून कोणी ओरडत नाही.

आणि पावसाचं वाटप बदलतंय हे मोजलेलं आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात, ज्यात आपला महाराष्ट्र येतो, एकूण पाऊस कमी होत असताना मोठ्या भागावर पडणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ६०० मिलिमीटरच्या जवळ पाऊस पडला, त्याच दिवसांत महाड तालुक्यात तळिये गावावर दरड आली. माणसं गेली त्या दुःखापुढे मातीबद्दल बोलणं जड जातं, पण बोलायला लागतंच, कारण उतारावरचा जो वरचा वीतभर थर अशा रात्री वाहून जातो त्यातच सगळ्यात जास्त कार्बन, बी आणि बुरशी असते, आणि तो परत तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. असा उतार नंतर हिरवा दिसतो, गवत येतं, रान माजतं, पण खाली मुरूमच राहतो.

अजून एक गोष्ट, जी कार्बनचा पुढचा हिशोब मांडणाऱ्या संगणकी मॉडेलमध्ये बहुतेक वेळा नीट नसते, ती म्हणजे प्राणी. २०२२ मध्ये सहा खंडांतल्या १३३ ठिकाणी पाइनच्या लाकडाचे ठोकळे ठेवून केलेल्या अभ्यासाचा निकाल आला, त्यात बुरशी-जिवाणूंनी लाकूड कुजवणं १० अंशाला दुपटीच्या आतच वाढत होतं पण वाळवीचं खाणं ६.८ पटींहून जास्त वाढत होतं, आणि वाळवीला कोरडा प्रदेशही चालतो. आपल्या पानगळीच्या जंगलात पडलेली फांदी कोण संपवतं ते तुम्ही बघितलं असेलच, साग-ऐनाच्या रानात वारुळांशिवाय शंभर पावलं जाता येत नाही. दुसरं उदाहरण हिमाचलमधल्या स्पितीचं, तिथे आयआयएससीच्याच लोकांनी कुंपण घालून काही तुकड्यांत चरणं बंद केलं आणि वर्षानुवर्षं माती मोजली, तर आयबेक्स (रानबकरा), भरल (रानमेंढी), याक यांच्याशिवायच्या जमिनीत कार्बनचे वर्षागणिक चढउतार ३० ते ४० टक्क्यांनी जास्त निघाले. म्हणजे चरणारं जनावर हटवलं की कार्बन वाचतो असं सरळ नाही. आपल्याकडे माळरानावर कुंपण घालून खड्डे खणून झाडं लावायची घाई दिसते तेव्हा मला खरंच त्रास होतो. गवताळ माळाचा कार्बन मुळांत आणि मातीत असतो, खणलं की तोच आधी उडतो.

तर तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर, जंगलं मदत करतायत आणि पुढेही काही काळ करतील, पण ती मदत नायट्रोजन-फॉस्फरस आणि पाणी परवानगी देईल तेवढीच, आणि तापमान व पावसाची लय बिघडत गेली तर माती आज धरून ठेवलेलं सोडायला लागेल. हा भरवसा धरून आपण जाळत राहणं चुकीचं आहे. आणि झाडं किती लावली यापेक्षा कोणती आणि कुठे हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कोकणात सामाजिक वनीकरणात लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ झटपट वाढते, पण तिच्याखाली जाऊन बघा, जाड चामड्यासारखा पाचोळा वर्षानुवर्षं साचलेला, खाली रोपं फारशी नाहीत, आणि उन्हाळ्यात वणवा लागला की साठवलेलं सगळं एका दुपारी जातं.

आता तुमच्या जमिनीबद्दल. यंत्र विकत घ्यायची गरज नाही, पाचोळ्याच्या पिशव्या करा, आम्हीही तेच करतो. नायलॉनची २ मिलिमीटर भोकांची जाळी घेऊन वीतभर चौरस पिशव्या शिवा. पानं मात्र नुकतीच गळलेली घ्या, झाडावरून तोडलेली नकोत, कारण झाड पान टाकण्याआधी त्यातला बराच नायट्रोजन आणि फॉस्फरस काढून घेतं आणि हिरवं पान फार लवकर कुजतं. तुमच्याकडे जांभूळ, अंजन, ऐन, किंजळ मिळेल, गिरिपुष्प कुठे बांधावर असेल तर तेही घ्या, तुलनेला चांगलं, महिन्याभरात निम्म्याहून कमी राहिलेलं दिसेल. सावलीत चांगली वाळवून प्रत्येक पिशवीत १० ग्रॅम मोजून भरा, ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर खिळ्याने नंबर कोरून आत टाका कारण तिथल्या पावसात कोणतीही शाई टिकत नाही. मेच्या तिसऱ्या आठवड्यात, पाऊस लागायच्या आधी, काही पिशव्या झाडाखाली आणि काही उघड्यावर ठेवा, वर पातळ पाचोळा सारा आणि कडा खिळ्यांनी दाबा. कातळ सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, खणू नका, तिथली माती बोटभरच असते आणि ती तशीच राहू द्या, पिशवी दगडाखाली दाबून ठेवली तरी चालते.

दर महिन्याला प्रत्येक जागेतून प्रत्येक जातीच्या तीन पिशव्या उचला. चिखल हलक्या हाताने धुवा, आत शिरलेली बारीक मुळं काढा, उन्हात आणि मग ६०-६५ अंशाला ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवा आणि मोजा. राहिलेल्या पानात मातीचे कण अडकलेले असतात, त्यासाठी जवळच्या कॉलेजच्या लॅबमध्ये एक-दोन ग्रॅम जाळून राख मोजून घेता आली तर आकडा सुधारेल. सोबत साधं पर्जन्यमापक लावा आणि रोज सकाळी साडेआठला पाऊस लिहा, हवामान खात्याचीही तीच वेळ असते म्हणून त्यांच्या आकड्यांशी लावून बघता येतं. उघडीप किती दिवसांची पडली हे वेगळ्या रकान्यात लिहा, तुमच्या कामात तोच रकाना सगळ्यात जास्त उपयोगी पडणार आहे. जमलं तर काही पिशव्या बारीक, अर्ध्या मिलिमीटरच्या जाळीच्याही करा, त्यात वाळवी, बारीक गांडुळं, छोटे वाणी किडे वगैरे शिरू शकत नाहीत, त्यामुळे दोन्हींच्या वजनातल्या फरकावरून अशा छोट्या प्राण्यांनी किती संपवलं आणि बुरशी-जिवाणूंनी किती याचा अंदाज येतो. एका पावसाळ्याच्या आकड्यांवरून काही ठरवू नका, निदान तीन पावसाळे त्याच जागी, त्याच जातींची पानं आणि तीच जाळी ठेवा, आणि जाळी किती मिलिमीटरची होती ते पहिल्या पानावर लिहून ठेवा, नाहीतर दुसऱ्या कोणाच्या आकड्यांशी तुलना करता येणार नाही.